बार्शीची वही: ग्रामीण कर्करोग नोंदणीचा इतिहास

बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे, पण बार्शीच्या बाजाराला येणारी बरीचशी गावं धाराशिव जिल्ह्यातली. स्वातंत्र्यापूर्वी तर ही दोन राज्यं होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, परांडा आणि भूम निजामाच्या मुलखात. तरी तूर विकायला, लग्नाचा बस्ता बांधायला आणि मोठं दुखणं दाखवायला पलीकडची माणसं बार्शीलाच येत. कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शीपर्यंत आलेली छोटी रेल्वे पुढे निजामाच्या हद्दीतून लातूरला गेली, तेव्हा माल आणि माणसं यांचा हा राबता आणखी वाढला.

माणसं अशी चालतात. सरकारी कागद मात्र जिल्ह्याच्या शिवेवर थांबतो. एका बाजूला पुणे विभाग, दुसऱ्या बाजूला मराठवाडा. इकडच्या नर्सबाईंनी तिकडच्या गावात जायचं नाही, तिकडच्या रुग्णाची नोंद इकडच्या तक्त्यात यायची नाही. १९८७ साली बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी पहिला शहाणपणाचा निर्णय घेतला तो इथेच. त्यांनी जिल्हा धरला नाही, माणसांची वाट धरली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं नोंदणीत घेतली. खेड्यापाड्यांसाठी उभी राहिलेली ही देशातली पहिली कर्करोग नोंदणी.

तिचा इतिहास लिहिताना सुरुवात एका अडचणीपासून करावी लागते. कर्करोगाची नोंदणी आपल्या देशाला नवी नव्हती. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने ती १९६३ पासून चालवली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यात मुंबई, बंगळूर आणि मद्रास ही शहरं होती. शहरातलं काम समजायला सोपं आहे. नोंदणीचा माणूस मोठ्या रुग्णालयांत जातो, केसपेपर आणि प्रयोगशाळेचे अहवाल पाहतो आणि नाव उतरवून घेतो. पण ज्या गावात डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही, तिथे उतरवून काय घ्यायचं? तपासणीच होत नसेल तर कागदावर कर्करोगही नसतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत ‘म्हातारपण’, ‘ताप’, ‘अशक्तपणा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि बाई गेलेली असते चाळिसाव्या वर्षी.

म्हणून बार्शीत उलटी पद्धत बसवावी लागली. रुग्णालयाने रुग्णाची वाट पाहत बसायचं नाही, नोंदणीच्या कार्यकर्त्याने गावात जायचं. ही पद्धत घडवण्यात दोन नावं अग्रभागी आहेत. एक डॉ. भगवान नेने, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे. हे रुग्णालय अश्विनी ग्रामीण कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी चालवते आणि नोंदणीचं बिऱ्हाडही तिथेच आहे. दुसरं नाव डॉ. कस्तुरी जयंत यांचं. तंबाखू आणि कर्करोग यांच्या नात्याचं मोजमाप करणारं त्यांचं संशोधन १९७० च्या दशकातच प्रसिद्ध झालं होतं. आकडेशास्त्राची शिस्त त्यांची, गावाची नस नेन्यांची, आणि पायपीट त्या कार्यकर्त्यांची, ज्यांची नावं फारशा कुणाला ठाऊक नाहीत.

ती पायपीट कशी असते ते थोडं जवळून सांगायला हवं, कारण या संस्थेचा खरा इतिहास तिथेच आहे. कार्यकर्ता सकाळच्या एस.टी.ने गावात उतरतो. आधी ग्रामपंचायत. ग्रामसेवक भेटले तर जन्ममृत्यूचं रजिस्टर पाहायचं, नाही भेटले तर कोतवालाला गाठायचं, कारण गावात कोण कधी गेलं आणि काय होऊन गेलं हे त्याला रजिस्टरपेक्षा नेमकं माहीत असतं. मग सरपंच, शाळेतले गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, उपकेंद्राच्या नर्सबाई. पारावर चार माणसं जमली की बोलायचं. कर्करोग हा शब्द पहिल्या दमात काढायचा नाही. तोंडात बरा न होणारा फोड आहे का कुणाच्या, गिळताना घास अडकतो का, छातीत गाठ लागते का, असं विचारत जायचं. पुरुष बोलतात. बायकांचं बोलणं पारावर होत नाही. ते ओट्यावर, खुरपणीच्या बांधावर, चुलीपुढे होतं.

“काय होतंय, मावशी?”

“काही नाही बाई. अंगावरून जातंय जरा.”

“किती दिवस झाले?”

“झालं की साल. आता वयच झालं, कुणाला दाखवायचं?”

‘अंगावरून जाणं’ हा शब्द आपल्या भागातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे आणि घरात तो कुणी मोठ्याने काढत नाही. पांढरं जातं, लाल जातं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसतो, हे सगळं त्या एका शब्दात येतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा तीच. ती बाई हा शब्द बोलली की वहीत तिचं नाव चढतं आणि कार्यकर्त्याचं पुढचं काम सुरू होतं. तिला बार्शीला आणायचं. त्यासाठी नवऱ्याला पटवायचं, सासूला पटवायचं, सुगी चालू असेल तर सुगी उरकायची वाट पाहायची, एस.टी.च्या भाड्याचं काय ते बघायचं, म्हशीची धार कोण काढणार ते विचारायचं. रुग्णालयात आल्यावर तिला एकटी सोडायची नाही, केसपेपर काढण्यापासून तपासणी होईपर्यंत सोबत राहायचं. आजार निघालाच तर उपचाराला पाच-सहा आठवडे लागतात. गावाकडे ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात त्या किरणोपचाराला आठवड्यातले पाच दिवस यावं लागतं. तेवढे दिवस ती राहणार कुठे, सोबत कोण राहणार, घरी भाकरी कोण थापणार, हे प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नसतात. पण बाई उपचार अर्धवट टाकून गावी परत जाते ती बहुतेक वेळा याच प्रश्नांपायी.

आरोग्यसेवा आणि समाजसेवा एकत्र आणावी, अशी चर्चा आता जगभर होते. बार्शीच्या नोंदणीला ती एकत्र आणावीच लागली, नाहीतर तिची वही कोरी राहिली असती. माझ्या मते या संस्थेची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे. मोजण्यासाठी गेलेला माणूस मोजता मोजता सोबती झाला. ज्याचं नाव लिहिलं त्याची जबाबदारी घेतली. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून उभं केलं होतं, ते काम भूम तालुक्याच्या शिवेला लागूनच चाललेलं. दोन्ही कामांची घडण निराळी, तरी माणसाच्या दारात जाऊन, त्याच्या शब्दांत बोलायचं, ही वहिवाट दोन्हीकडे सारखीच.

पहिल्या काही वर्षांत नोंदणीतून जे चित्र उभं राहिलं त्याने शहरातल्या तज्ज्ञांनाही विचार करायला लावला. खेड्यात कर्करोगाचं एकूण प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी निघालं. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र मुंबईहून जास्त, आणि बायकांमध्ये तोच पहिल्या क्रमांकावर. हा असा आजार आहे की त्याची पूर्वावस्था वर्षानुवर्षं टिकते, आणि त्या काळात तो सापडला तर बाई हमखास वाचते. म्हणजे खेड्यातली बाई सर्वाधिक ज्या कर्करोगाने जात होती, तोच कर्करोग सर्वाधिक टाळता येण्यासारखा होता. ही गोष्ट वहीत स्पष्ट लिहिलेली होती.

दुसरी गोष्ट हळूहळू दिसू लागली. कुणी तपासणीची मोहीम काढली नव्हती, कुठलं नवं यंत्र आलं नव्हतं, तरी नोंदणीच्या गावांतल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. केवळ कुणीतरी वरचेवर गावात येऊन खुणा सांगत होतं, एवढ्यानेच. डॉ. जयंत, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी हे निरीक्षण १९९५ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. पुढच्या वर्षी नुसत्या डोळ्यांनी पाहून गर्भाशयमुखाची तपासणी करता येते का, यावरचा त्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. बार्शीचं नाव जगातल्या कर्करोगतज्ज्ञांच्या तोंडी आलं ते इथून.

१९९९ च्या ऑक्टोबरात या कामाचा मोठा टप्पा सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, फ्रान्समधल्या लिऑं इथली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आणि बार्शीचं रुग्णालय यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांची चार भागांत विभागणी केली. एका भागात गर्भाशयमुखावरच्या विषाणूची म्हणजे एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशी पाहणारी पॅप चाचणी, तिसऱ्यात अॅसेटिक अॅसिड लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात नेहमी मिळते तेवढीच सेवा.

यातली तिसरी तपासणी पाहिली की वाटतं, विज्ञान किती साधं होऊ शकतं! प्रशिक्षित नर्सबाई गर्भपिशवीच्या तोंडाला कापसाने सौम्य अॅसेटिक अॅसिड लावतात. वास शिरक्याचा. मग मिनिटभर थांबायचं. निरोगी जागा गुलाबी राहते, बिघडलेली पांढरी पडते. एका मिनिटात बाईला कळतं. विषाणूच्या चाचणीत बारीक ब्रशने नमुना घेऊन नळीत ठेवतात आणि ती नळी बार्शीच्या प्रयोगशाळेत जाते. तपासण्या गावातच झाल्या, बायकांच्या सोयीच्या जागी. त्याआधी कार्यकर्त्या घरोघर जाऊन एकेका बाईशी बोलल्या होत्या.

बोलावलेल्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के बायका आल्या. हा आकडा वाचताना थोडं थांबायला हवं. अशा तपासणीला नाव नोंदवायला पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या बायकाही कचरतात. इथे लुगड्याच्या पदराने तोंड झाकणाऱ्या, कधी डॉक्टरपुढे न गेलेल्या हजारो बायका पंचक्रोशीतल्या सगळ्यांच्या देखत तपासणीच्या खोलीत गेल्या. हा विश्वास एका मोहिमेत मिळत नाही. बारा वर्षांच्या पायपिटीने बार्शीच्या रुग्णालयाचं नाव आसपासच्या गावांत आधीच घराघरांत पोचलं होतं, त्याचंच हे फळ, असं माझं ठाम मत आहे. कोण आल्या आणि कोण राहिल्या याचाही हिशेब संस्थेने ठेवला. आलेल्यांत तरुण, थोड्याफार शिकलेल्या आणि नवरा हयात असलेल्या बायका जास्त होत्या. म्हाताऱ्या, निरक्षर आणि विधवा मागे राहिल्या. आजही कुठल्याही आरोग्य शिबिरात हेच दिसतं, आणि ज्या मागे राहतात त्यांच्याच दारात पुन्हा जावं लागतं.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष २ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गावांत ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी न झालेल्या गावांत ३१,४८८ पैकी ६४. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढच्या अवस्थेतले कर्करोग ८२ वरून ३९ वर. पॅप चाचणी आणि डोळ्यांनी तपासणी यांनी मृत्यूंत तितकी लक्षणीय घट झाली नाही, हेही प्रामाणिकपणे छापलं गेलं. एचपीव्ही विषाणूमुळे हा कर्करोग होतो हे दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं. विषाणूची एक चाचणी गरीब मुलखातल्या बायकांचा जीव वाचवते, याचा पहिला ठोस पुरावा मात्र उस्मानाबादच्या गावांतून गेला. जागतिक आरोग्य संघटना आज तपासणीसाठी विषाणूच्या चाचणीला पहिली पसंती देते. त्यामागच्या पुराव्यांत या गावांचा वाटा मोठा आहे.

त्या लेखाच्या लेखकांची यादी मी अनेकदा पाहिली आहे. देशोदेशीचे एम.डी., पीएच.डी. ओळीने आहेत, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून एक बी.एस्सी. आणि एक बी.कॉम. बसलेले आहेत. जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात बी.कॉम. पदवी लेखकाच्या नावापुढे किती वेळा छापली गेली असेल? ज्यांनी गावं सांभाळली, नोंदी सांभाळल्या, त्यांना संस्थेने डॉक्टरांच्या रांगेत बसवलं. स्मरणिकेच्या पानावर हे लिहिताना मला अभिमान वाटतो.

अभिमानाच्या शेजारीच एक जड गोष्ट लिहायला हवी. चौथ्या भागातल्या ६४ बायका. त्यांना तपासणी मिळाली असती तर त्यातल्या काही जणी वाचल्या असत्या, असा आक्षेप वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे घेतला. तुलनेसाठी असा गट ठेवावा लागतो आणि त्या काळी जिल्ह्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, असं संशोधकांच्या बाजूने सांगितलं गेलं. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर, या चौसष्ट जणींचं ऋण त्या अभ्यासानंतर तपासणी मिळालेल्या जगातल्या प्रत्येक बाईवर आहे, आणि ते ऋण आपल्या भागात तपासणी खरोखर पोचवूनच फिटेल.

लसीच्या बाबतीतही बार्शी पुन्हा पुढे आली. सप्टेंबर २००९ मध्ये दहा ते अठरा वयाच्या अविवाहित मुलींवर एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास देशातल्या निवडक केंद्रांत सुरू झाला. त्यात बार्शी होती. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशभरचं असं लसीकरण थांबवलं. कारण दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेलं वादळ होतं. देशभरात १७,७२९ मुली तोवर अभ्यासात आल्या होत्या आणि त्यातल्या हजारो एकाच डोसवर थांबल्या. काम तिथेच संपलं असतं. पण संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. लग्नानंतर दीड वर्षाने किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नमुना घ्यायचा होता. मुलगी तोवर सासरी गेलेली, आडनाव बदललेलं, माहेर सुटलेलं. तिला शोधायचं, आणि सासरच्या माणसांना न दुखावता भेटायचं. बार्शीच्या कार्यकर्त्यांना हे काम नवं नव्हतं. वर्षं लोटल्यावर दिसलं की एका डोसनेही जवळपास तितकंच संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली, तेव्हा या मुलींची माहिती त्यामागच्या आधारांपैकी एक होती. गरीब देशांना लस परवडणं त्यामुळे सोपं झालं.

नोंदणी आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. मधल्या काळात गावात पुष्कळ बदललं. २००५ नंतर आशाताई आल्या, शासनाची जीवनदायी योजना २०१२ साली आली आणि पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, उपकेंद्रांत तिशीपुढच्या बायकांची तपासणी करायची असं कागदावर ठरलं. सगळे धागे आहेत. ते एकत्र वळणारा हात मात्र सगळीकडे नाही. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनही निघाल्या नाहीत. उस्मानाबादच्या गावांत त्याच्या वीस वर्षं आधी बोलावलेल्या शंभरांतल्या जवळजवळ ऐंशी आल्या होत्या. चाचणी तीच, बायका तशाच, सरकारी उपकेंद्रंही तशीच. फरक आहे तो दारात जाऊन, नाव घेऊन बोलावणाऱ्या आणि मग तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालणाऱ्या माणसाचा.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, वाड्यात, शेतावर कामाला येणाऱ्यांत तीस वर्षं ओलांडलेली जी बाई असेल, तिला एवढंच विचारा की ‘तपासून घेतलंस का?’ ती नाही म्हणेल. तर या आठवड्यात एक दिवस काढा, तिच्या घरी सांगून ठेवा आणि तपासणीला जाताना तिच्याबरोबर एस.टी.त बसा.